कॅरोलिन कीन कोण होती? मालिका-कादंबऱ्यांतून लेखकत्वाचा एक धडा

फास्टर फेणे म्हटलं की भा. रा. भागवत आठवतात. तिथे कुणाला शंका नाही. पण नॅन्सी ड्र्यू कुणी लिहिली? कव्हरवर नाव आहे कॅरोलिन कीन. हार्डी बॉईजच्या कव्हरवर फ्रँकलिन डब्ल्यू. डिक्सन. आपल्याकडे शहरांतल्या इंग्रजी लायब्ररींतून या मालिका आठ ते बारा वर्षांच्या कितीतरी मुलामुलींनी वाचल्या, आणि ही दोन्ही नावं खरी माणसं आहेत असंच बहुतेकांनी धरलं. प्रत्यक्षात या नावांची माणसं कधी नव्हतीच.

मी विज्ञान शाखेची. साहित्याचा इतिहास हा काही माझा विषय नाही. पण संशोधनाच्या तयारीत असलेल्या मुलांना 'प्राथमिक साधन म्हणजे काय' आणि 'लेखक म्हणजे नक्की कोण' हे समजावताना यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. म्हणून आज जरा वाट वाकडी करू.

गोष्टींचा कारखाना

एडवर्ड स्ट्रेटमायर (1862–1930) हा न्यू जर्सीचा लेखक. 1899 मध्ये त्याची 'रोव्हर बॉईज' ही मालिका सुरू झाली आणि भरपूर खपली. एकट्याने लिहून लिहून माणूस किती लिहिणार? मग 1905 च्या सुमारास त्याने 'स्ट्रेटमायर सिंडिकेट' काढली. पद्धत साधी होती. कथेचा आराखडा स्ट्रेटमायर तयार करायचा, तीनेक पानांचा. तो एखाद्या लेखकाकडे जायचा. लेखक काही आठवड्यांत पूर्ण पुस्तक लिहून द्यायचा, ठरलेली रक्कम घ्यायचा आणि सगळे हक्क सोडल्याच्या कागदावर सही करायचा. टोपणनाव सिंडिकेटच्या मालकीचं, त्यामुळे उद्या लेखक बदलला तरी वाचणाऱ्या मुलाला पत्ता लागत नसे.

पुस्तकांची किंमत पन्नास सेंट. त्या काळी मुलांची चांगली बांधणीची पुस्तकं याहून बरीच महाग असत. नव्या मालिकेची पहिली तीन पुस्तकं बऱ्याचदा एकदमच बाजारात यायची, म्हणजे पहिलं आवडलं की दुसरं लगेच हाताशी. प्रकरणाचा शेवट उत्सुकता ताणून धरणारा आणि सुरुवातीला आधीच्या साहसांची थोडक्यात आठवण. आज आपण ज्याला 'सीरिज वाचण्याचं व्यसन' म्हणतो, त्याची ही जुनी यंत्रणा.

यातली 1910 ची 'टॉम स्विफ्ट' मालिका तर आपल्या विज्ञानवाल्यांच्या खास ओळखीची असायला हवी. टॉम हा शोध लावणारा मुलगा: विमान, पाणबुडी, विजेची बंदूक. पोलिसांकडचं 'टेझर' नावाचं यंत्र माहीत असेल. जॅक कव्हर या संशोधकाने ते नाव टॉम स्विफ्टच्या याच विजेच्या बंदुकीवरून बेतलं. लहानपणी वाचलेलं पुस्तक प्रयोगशाळेपर्यंत पोचतं ते असं.

सगळे खूश होते असं मात्र नाही. 1914 मध्ये अमेरिकन बॉय स्काउट्सचे ग्रंथपाल फ्रँकलिन मॅथ्यूज यांनी अशा पुस्तकांवर जोरदार टीकालेख लिहिला. ही पुस्तकं मुलांच्या कल्पनाशक्तीचा नाश करतात, असा त्यांचा सूर होता. अनेक ग्रंथालयं ही पुस्तकं ठेवत नसत. मुलं ती वाचतच राहिली.

मिल्ड्रेड

1930 च्या एप्रिलमध्ये नॅन्सी ड्र्यूची पहिली तीन पुस्तकं आली. आराखडे स्ट्रेटमायरचे, लिखाण मिल्ड्रेड ऑगस्टीन वर्ट यांचं (पुढे त्या मिल्ड्रेड बेन्सन झाल्या). आयोवा विद्यापीठातून पत्रकारितेची पदव्युत्तर पदवी घेतलेली ही विशीतली मुलगी. एका पुस्तकाचे 125 डॉलर. पुस्तकं बाजारात आली आणि त्याच मे महिन्यात स्ट्रेटमायर वारला. कारभार हॅरिएट आणि एडना या त्याच्या मुलींकडे गेला. मंदीच्या काळात मानधन 75 डॉलरवर आलं. पहिल्या 30 पैकी 23 पुस्तकं मिल्ड्रेडनी लिहिली, आणि त्यांचं नाव एकावरही नाही.

पुढच्या काळात हॅरिएट अ‍ॅडम्स स्वतःच नॅन्सीची पुस्तकं लिहू लागल्या, आणि मुलाखतींतून 'कॅरोलिन कीन म्हणजे मीच' असं सांगू लागल्या. सगळीकडे तेच छापलं गेलं. आता विचार करा, 1975 साली कुणी या विषयावर शोधनिबंध लिहिला असता तर त्याने काय लिहिलं असतं? वर्तमानपत्रांत एकच नाव, खुद्द त्या व्यक्तीचा दुजोरा. संदर्भ भरपूर, आणि निष्कर्ष चूक. शंभर ठिकाणी तेच छापलं असलं तरी सगळ्यांचा उगम एकच असेल तर तो पुरावाही एकच मोजायचा.

खरं बाहेर आलं ते कोर्टात. सिंडिकेटने नवी पुस्तकं सायमन अँड शुस्टरकडे द्यायचं ठरवलं आणि जुने प्रकाशक ग्रोसेट अँड डनलॅप कोर्टात गेले. 1980 च्या त्या खटल्यात मिल्ड्रेड बेन्सन यांची साक्ष झाली. करार आणि पत्रव्यवहार समोर आले. भांडण होतं प्रकाशनाच्या हक्कांचं, पण त्यातून पन्नास वर्षं झाकलेलं लेखकत्व उघड झालं. सिंडिकेटची कागदपत्रं आज न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहेत. 1993 मध्ये आयोवा विद्यापीठात नॅन्सी ड्र्यूवर परिषद भरली, तिथे मिल्ड्रेडना जाहीर मान मिळाला. तेव्हा त्या ऐंशीच्या पुढे होत्या.

कोणती आवृत्ती?

आणखी एक सापळा आहे. 1959 पासून जुनी पुस्तकं नव्याने लिहिली गेली. वर्णद्वेषी चित्रणं काढली, कथा आटोपशीर केल्या, 25 प्रकरणांची 20 झाली, 16 वर्षांची नॅन्सी 18 ची झाली. पहिल्या पुस्तकात जेफ टकर नावाचा कृष्णवर्णीय रखवालदार दारुडा दाखवला होता. नव्या आवृत्तीत तो गोरा झाला. म्हणजे आक्षेपार्ह चित्रण गेलं, आणि त्याबरोबर ते कृष्णवर्णीय पात्रही गेलं. पुस्तकाचं नाव तेच, लेखिकेचं नाव तेच.

'1930 च्या दशकातली मुलीची प्रतिमा' असा विषय घेऊन कुणी आजची सहज मिळणारी प्रत वाचली, तर तो प्रत्यक्षात 1959 चा अभ्यास करत असतो. प्रकरणं मोजली तरी फरक कळतो. मूळ मजकूर हवा असेल तर 1991 पासून अ‍ॅपलवुड बुक्सने काढलेली पुनर्मुद्रणं आहेत. आपल्याकडे डेटासेटची व्हर्जन लिहिणं आणि साहित्यात आवृत्ती लिहिणं ही एकच शिस्त आहे.

मग लेखक कोण?

आराखडा एडवर्डचा, नंतर त्याच्या मुलींचा. वाक्यं मिल्ड्रेडची. पुनर्लेखन हॅरिएट आणि इतरांचं. हॅरिएट यांचा दावा शंभर टक्के खोटा नव्हता, तो अपुरा होता. माझ्या मते म्हणूनच तो इतकी वर्षं टिकला. साफ खोटं लवकर पकडलं जातं. अर्ध्या खऱ्याला दुजोरा देणारा कुणीतरी मिळतोच.

हे आपल्या लॅबमध्येही घडतं. कल्पना एकाची, प्रयोग दुसऱ्याचा, विश्लेषण तिसरीचं, आणि पेपरवर नावं कुठल्या क्रमाने? आज अनेक जर्नल्स कुणी नेमकं काय केलं ते लिहायला लावतात. त्यासाठीच्या 'क्रेडिट' या वर्गीकरणात 14 भूमिका आहेत: संकल्पना, प्रयोग, मूळ मसुदा, संपादन वगैरे. कॅरोलिन कीनच्या मागची माणसं त्यात बसवून बघा, अगदी सहज बसतात.

तेव्हा पीएचडीला लागताना दोन सवयी पहिल्या दिवसापासून लावा. लॅबच्या वहीत तारीख घालून लिहा. आणि लेखकांच्या नावांची चर्चा काम सुरू होतानाच करा, मग ती ईमेलवर लिहून ठेवा. गाईडना ते आगाऊपणाचं वाटेल अशी भीती असते, पण मुद्दा 'कामाची वाटणी' म्हणून मांडला की बोलणं सोपं होतं. मिल्ड्रेडच्या बाजूने शेवटी उभे राहिले ते कागदच, आणि तेही कुणीतरी जपून ठेवले होते म्हणून.