नागपूरच्या थंडीतले अर्ज

दिवाळीचे फटाके थंडावले, तुळशीचे लग्न लागले, की नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये रंगरंगोटीची लगबग सुरू होते. आमदार निवासाच्या खोल्या झाडल्या जातात, रविभवनाची बाग सावरली जाते, आणि मुंबईहून फायलींची गाठोडी येऊ लागतात. मुंबईकर पाहुण्यांना संत्री आणि हुरडा आठवतो. वर्तमानपत्रांनाही त्या हुरड्याचे कौतुक फार! वऱ्हाडातल्या आणि झाडीपट्टीतल्या शेतकऱ्याला मात्र या दिवसांत आपला आमदार आठवतो. आणि आमदारालाही, मनात असो वा नसो, तो आठवावा लागतो.

विधिमंडळाने वर्षअखेरीस आठशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून नागपुरास का यावे, हा प्रश्न नवख्याला पडतो. त्याचे उत्तर जुन्या भांडणात आहे. नागपूर ही मध्यप्रांताची राजधानी होती. १९०३ साली वऱ्हाड त्या प्रांताच्या कारभाराला जोडले गेले. १९३७ मध्ये डॉ. ना. भा. खरे यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ याच शहरात सत्तेवर आले. सिरोंच्याचा, गोंदियाचा, बुलढाण्याचा माणूस सरकार गाठायचे तर नागपूरला येई. भाषावार प्रांतरचनेचे वारे सुटले तेव्हा विदर्भातल्या पुढाऱ्यांपुढे खरा पेच उभा राहिला : मराठी राज्यात जावे, तर हे सरकार हातचे जाणार. बापूजी अणे आणि ब्रिजलाल बियाणी यांनी वेगळ्या विदर्भाची बाजू लावून धरली, आणि १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगानेही तीच शिफारस केली. दुसऱ्या बाजूस २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला होता. त्यावर भाऊसाहेब हिरे, यशवंतराव चव्हाण, रा. कृ. पाटील, गोपाळराव खेडकर आदींच्या सह्या आहेत. सरकारचा मुक्काम दरसाल ठराविक काळ नागपुरास हलावा आणि विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन तेथे भरावे, असे त्यात ठरले.

म्हणजे हे अधिवेशन कोणी खिरापत म्हणून वाटलेले नाही. राजधानी सोडणाऱ्यांनी आधीच मागून घेतलेली ती भरपाई आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूरची राजधानी गेली, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पहिले अधिवेशन नागपुरास भरले. १९६२ मध्ये चीनचे आक्रमण झाले म्हणून, १९६३ मध्ये मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार अधिवेशनाच्या तोंडावर वारले म्हणून, पुढे १९७९ आणि १९८५ मध्ये, आणि साथीमुळे २०२० व २०२१ मध्ये हिवाळ्यातला हा मुक्काम चुकला. एरवी रिवाज बहुतांशी पाळला गेला. दिवस मात्र आखडत गेले. २०२४ चे अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर असे सहा दिवसांत आटोपले. सहा दिवसांत हुरडासुद्धा धड भाजून होत नाही.

आता आमदाराच्या कामाकडे वळू. सभागृहातला गोंधळ सगळ्यांना दिसतो. खरे काम सकाळी सातला, आमदार निवासाच्या व्हरांड्यात सुरू होते. रात्रीच्या एस.टी.ने आलेली माणसे कांबळे पांघरून तेथे बसलेली असतात. कोणाच्या तलावाचा पाट फुटला आहे, कोणाच्या गावच्या शाळेला मास्तर नाही, कोणाचे नाव सातबाऱ्यावर चढत नाही. आमदाराने या अर्जांची निवड करायची असते. ज्याला धार आहे, त्याचा तारांकित प्रश्न अधिवेशनाच्या कितीतरी आधी गेलेला असावा लागतो. जे ताजे आणि निकडीचे आहे, त्याची लक्षवेधी सूचना होते. पुलाला पैसा हवा असेल तर डिसेंबरातल्या पुरवणी मागण्यांत त्याचे नाव घुसवता येते का हे पाहायचे. कारण अर्थसंकल्पाचा मार्च अजून लांब असतो. उरलेले अर्ज विधानभवनाच्या जिन्यात मंत्र्यांच्या हातात द्यायचे आणि कोपऱ्यात शेरा मारून घ्यायचा. हे शेवटचे काम कार्यवृत्तात कोठेच नोंदले जात नाही. पण मतदार आमदाराला जोखतो ते बहुधा यावरच.

प्रश्नांच्या छापील याद्या वाचण्यासारख्या असतात. ‘खालील बाबींचा खुलासा करतील काय’ अशी सुरुवात, आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ उत्तर येते : ‘हे अंशतः खरे आहे.’ पुढच्या भागास : ‘प्रश्न उद्भवत नाही.’ या दोन वाक्यांवर कितीएक गावांचे पाणी अडले असेल! तरीही या याद्यांना हसण्यावारी नेऊ नये. तलाव, रस्ता, विहीर अशा सुट्या तक्रारी वर्षानुवर्षे साचल्या, तेव्हा १९८३ साली प्रा. वि. म. दांडेकर यांची समिती नेमावी लागली. पुढल्याच वर्षी तिने राज्यभरचा मागासलेपणा मोजून सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा आकडा मांडला, आणि ‘अनुशेष’ हा शब्द चावडीवर पोचला.

सगळेच अर्ज व्हरांड्यात मावत नाहीत. जे मावत नाहीत ते मोर्चा होऊन येतात. हिवाळी अधिवेशन आणि मोर्चा यांची जोडी पडून गेली ती यामुळेच. विधानभवनाच्या अलीकडे पोलिसांचे कठडे लागतात, तेथे मोर्चा अडतो, मंत्री येऊन निवेदन घेतात, माणसे परततात. २३ नोव्हेंबर १९९४ ला तसे घडले नाही.

त्या दिवशी गोवारी आले होते. गुरे राखणारा हा समाज नागपूर, भंडारा, चंद्रपूर या भागांत पसरलेला. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ असे नाव आहे; ते आपलेच, असे त्यांचे म्हणणे. २४ एप्रिल १९८५ च्या शासन निर्णयाने गोंड गोवारी म्हणजे कोण याचे वर्णन केले, आणि त्यात यांना जागा उरली नाही. दाखले बंद झाले. तो निर्णय मागे घ्या, एवढे सांगायला हजारो माणसे बायकापोरांसह आली आणि मॉरिस कॉलेजजवळ अडवली गेली. दुपार सरली. निवेदन घ्यायला कोणी आले नाही. संध्याकाळी गर्दी हलली, लाठ्या चालल्या, आणि चेंगराचेंगरीत ११४ माणसे मेली. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले. विधानभवन तेथून हाकेच्या अंतरावर होते.

आदिवासी विकासमंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. १९९५ मध्ये गोवारींना विशेष मागास प्रवर्गात घातले. मागितले होते ते हे नव्हे. १४ ऑगस्ट २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांची बाजू मान्य केली. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला : राष्ट्रपतींच्या यादीतला शब्द न्यायालयाला बदलता येत नाही, गोंड गोवारी ही जमात निराळी. मधल्या सव्वादोन वर्षांत ज्यांना प्रवेश वा नोकरी मिळाली, त्यांची तेवढी वाचवली. यादीत बदल करण्याचा अधिकार घटनेच्या ३४२ व्या कलमाने संसदेला दिला आहे. विदर्भातला आमदार या बाबतीत भाषण करू शकतो, राज्याने शिफारस करावी असा आग्रह धरू शकतो, मोर्चाला सामोरा जाऊन त्यांचे ऐकू शकतो. त्या नोव्हेंबरात यातले शेवटचे तेवढे कोणीही करू शकले असते.

सीताबर्डीवर झिरो माइलजवळ त्या ११४ जणांचे स्मारक आहे, आणि शेजारच्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहीदांचे नाव दिले आहे. दरसाल २३ नोव्हेंबरला, अधिवेशनाची रंगरंगोटी चाललेली असते त्याच सुमारास, गोवारी तेथे येतात, फुले वाहतात, आणि संध्याकाळच्या गाडीने गावाकडे जातात.