ग्राम सुरक्षा यंत्रणा

संकटात सापडलेल्या माणसाचा आवाज आसपासच्या नोंदणीकृत मोबाइलधारकांना एकाच वेळी फोनवर ऐकवणारी महाराष्ट्रातील व्यवस्था. डी. के. गोर्डे यांनी उभी केलेली ही यंत्रणा अनेक जिल्ह्यांत पोलिसांनी ग्रामपंचायतींना हाताशी धरून गावोगाव नेली. अहिल्यानगर व सोलापूर जिल्ह्यांतही ती राबवली गेली आहे.

१८०० २७० ३६०० या टोल फ्री क्रमांकावर फोन करून आपले नाव, गाव, काय घडले आणि कुठे घडले, एवढे सांगायचे. तोच आवाज परिसरातील फोनवर कॉल म्हणून जातो. साधा बटणांचा फोनही चालतो, इंटरनेट लागत नाही. दवंडी एका गावापुरती असे आणि देवळावरचा भोंगा वाऱ्याच्या दिशेवर अवलंबून असतो. हा कॉल मात्र शिवेपलीकडच्या, कधी तोंडही न पाहिलेल्या माणसाला उठवतो. लेखी संदेश सकाळपर्यंत न वाचलेला राहू शकतो. रात्री दोन वाजता धाप लागलेला, आपल्याच बोलीतला आवाज कानावर पडला की माणूस बॅटरी आणि काठी घेऊन बाहेर पडतो. चोरी, आग, पूर, हरवलेले मूल, बिबट्या अशा प्रसंगांसाठी ही यंत्रणा आहे.

अनोळखी माणसांना जवळ आणणारी साधने जगात आधीही झाली. जपानमध्ये १९९८ साली ‘लव्हगेटी’ नावाचे खिशात मावणारे यंत्र निघाले. जुळणारी आवड असलेली व्यक्ती काही मीटरांवर आली की ते वाजे. ते हौसेच्या भेटीसाठी होते, ग्राम सुरक्षा यंत्रणा धावून जाण्यासाठी आहे.

बीड जिल्ह्यात अशा हाकेची गरज नोव्हेंबर २०२० मध्ये जिवावर बेतून कळली. आष्टी तालुक्यात बिबट्याने काही दिवसांच्या अंतराने माणसांचे बळी घेतले. तोच बिबट्या मानला गेलेला प्राणी पुढे सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात गेला आणि १८ डिसेंबरला तिथे मारला गेला. जनावराला तालुक्याची हद्द नसते, म्हणून इशाराही हद्द ओलांडणारा हवा. २०२४ च्या पावसाळ्यात रात्री आकाशात ड्रोन दिसल्याच्या बातम्यांनी गावे जागी राहिली, गस्ती सुरू झाल्या. अशा वेळी बोलणाऱ्याचे नाव-गाव ऐकू येणे फार मोलाचे ठरते. निनावी पुढे ढकललेल्या संदेशाला कुणी जबाबदार नसतो.

या व्यवस्थेचा कच्चा दुवा बीडमध्ये ठळक दिसतो. शेजार ठरतो तो नोंदवलेल्या गावावरून. दिवाळीच्या आसपास इथली लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात; वस्तीवर म्हातारी माणसे आणि शाळेची पोरे उरतात. गावाकडची हाक तेव्हा कोल्हापूरच्या उसाच्या फडात, कोयता हातात असलेल्या लेकाच्या खिशात वाजणार. तो धावणार तरी कुठून? उलट बाजूही तितकीच बिकट. कारखान्याच्या तळावर रात्री मजुरांची कोपी (झोपडी) पेटली, उसात साप डसला, बाईला कळा सुरू झाल्या, तर ज्या गावाच्या शिवारात ती कोपी आहे त्या गावच्या यादीत या कुटुंबाचा क्रमांक नसतो. हंगाम सुरू होताना मुकादमाकडून टोळीचे क्रमांक घेऊन ते तळाजवळच्या गावाच्या यादीत तात्पुरते नोंदवणे हे ग्रामपंचायत आणि कारखान्याच्या गटकार्यालयाला एका दिवसात जमण्यासारखे काम आहे.