लक्ष जाते कुठे? : अवधानाच्या शास्त्राची वाटचाल

"लक्ष नव्हते" हे दोन शब्द आपल्याकडे फार स्वस्त झाले आहेत. मुलगा गणितात नापास झाला, लक्ष नव्हते. यंत्रात कामगाराचा हात सापडला, लक्ष नव्हते. ड्रायव्हरने सिग्नल तोडला, लक्ष नव्हते. एवढे म्हटले की चौकशी संपते आणि दोष कुणाच्या तरी माथी बसतो. बहुधा सर्वांत खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाच्या! पण लक्ष म्हणजे नेमके काय, ते माणसाजवळ किती असते, याचा विचार आपण कधी करतो काय? मानसशास्त्राने तो केला आहे, आणि नुसत्या तर्काने नव्हे, मोजमाप करून केला आहे. त्या शोधाचा इतिहास वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू. ध्यानाला बसणाऱ्यांना मनाची चंचलता नवी नाही. तरी साधना वेगळी, प्रयोगशाळा वेगळी. दोन्हींची ओढूनताणून सांगड आम्ही घालणार नाही.

अमेरिकेतील विल्यम जेम्स यांनी 1890 साली मानसशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात अवधानाला स्वतंत्र प्रकरण दिले. एक गोष्ट धरायची तर बाकीच्या सोडाव्या लागतात, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्याआधी जर्मनीत हेल्महोल्ट्झ यांनी एक साधा पण नामी प्रयोग केला होता. अंधारात एका बिंदूवर नजर रोखायची, विजेच्या ठिणगीने क्षणभर अक्षरे उजळायची. नजर न हलवता, मनाने आधीच जी बाजू धरली असेल तिथली अक्षरे वाचता येत, बाकीची येत नसत. म्हणजे डोळा एकीकडे आणि लक्ष दुसरीकडे असू शकते, हे तेव्हाच सिद्ध झाले.

पुढे मात्र हा विषय मागे पडला. 1913 साली वॉटसन यांनी वर्तनवादाचा झेंडा उभारला. जे बाहेरून दिसते त्याचाच अभ्यास करा, मनाची भाषा नको, असा तो आग्रह. त्यामुळे अमेरिकेत तरी पुढची काही दशके अवधान हा शब्द अडगळीत गेला.

त्याला बाहेर काढले ते दुसऱ्या महायुद्धाने. विमानात रडारच्या पडद्यापुढे तासन्‌तास बसून शत्रूच्या पाणबुडीचा ठिपका शोधायचा, हे काम करणारे तरुण ठिपके चुकवू लागले. आळशी म्हणावेत तर ते तसे नव्हते. नॉर्मन मॅकवर्थ यांनी एक घड्याळ बनवले. त्याचा काटा दर सेकंदाला एक पाऊल पुढे जाई, अर्ध्या तासात फक्त 12 वेळा तो एकदम दोन पावले उडी मारी. ती उडी दिसली की खूण करायची, आणि असे दोन तास बसायचे. 1948 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या अर्ध्या तासानंतरच चुका वाढत होत्या. चांगली, तरुण, शिकलेली माणसे होती ती. दोष माणसाचा नव्हता, काम लावण्याच्या पद्धतीचा होता.

1944 साली केंब्रिजमध्ये याच कामासाठी एक संशोधन विभाग स्थापन झाला. त्याचे पहिले प्रमुख केनेथ क्रेक 1945 साली सायकलच्या अपघातात गेले, वय अवघे 31. पुढे तेथेच डोनाल्ड ब्रॉडबेंट आले. ते युद्धकाळात हवाई दलात होते. त्यांनी सांगितलेली एक हकीगत वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. एका विमानात आसनाखाली दोन दांडे होते, दिसायला हुबेहूब सारखे. एक पंखांच्या झडपांचा, दुसरा चाकांचा. उड्डाण करताना वैमानिक भलताच दांडा ओढत आणि विमान शेतात आपटे. आता बोला, वैमानिक बेफिकीर की दांडे बनवणारा?

विमानतळावरही तोच प्रश्न होता. नियंत्रकाच्या कानावर एकाच वेळी अनेक वैमानिकांचे आवाज येत. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील कॉलिन चेरी यांनी 1953 साली हा प्रश्न प्रयोगात आणला. लग्नमंडपात शंभर माणसे बोलत असतात, तरी आपण समोरच्याचेच ऐकतो, ते कसे? चेरी यांनी दोन कानांत दोन वेगळे मजकूर सोडले आणि एका कानातला मजकूर ऐकताऐकता मोठ्याने म्हणायला लावला. नंतर विचारले, दुसऱ्या कानात काय होते? लोकांना काहीच सांगता येईना. पुरुषाचा आवाज जाऊन बाईचा आला, हे कळले. पण इंग्रजी सोडून जर्मन सुरू झाले, हे बहुतेकांना कळलेच नाही!

यावरून ब्रॉडबेंट यांनी 1958 साली आपला सिद्धांत मांडला. बाहेरची माहिती अफाट, पण मनाचा रस्ता अरुंद. म्हणून वाटेत एक गाळणी असते. आवाज कुठून येतो, कसा आहे, अशा वरवरच्या खुणांवरून ती एकाला आत सोडते, बाकीचे बाहेर थांबतात आणि विरून जातात. अर्थ कळतो तो फक्त आत गेलेल्याचा. सिद्धांत सुटसुटीत होता, आणि म्हणूनच तो तपासता आला. शास्त्रात ही फार मोठी गोष्ट आहे.

लगेच दुसऱ्या वर्षी अडचण आली. 1959 साली नेव्हिल मोरे यांनी न ऐकायच्या कानात त्या माणसाचे स्वतःचे नाव घुसवले. सुमारे एक तृतीयांश लोकांनी ते ऐकले. गाळणी जर अर्थ न पाहताच अडवते, तर नाव आत आले कसे? ॲन ट्रीझमन या तरुण संशोधिकेने आणखी एक युक्ती केली. गोष्ट एका कानातून मध्येच दुसऱ्या कानात नेली. लोक एकदोन शब्दांपुरते नकळत अर्थाच्या मागे गेले आणि मग परत आले. 1964 सालापर्यंत त्यांचे म्हणणे पक्के झाले : गाळणी दार बंद करीत नाही, फक्त आवाज बारीक करते. रेडिओचे बटण कमी करावे तसे. आपले नाव, धोक्याची हाक असे शब्द मनात आधीच तयारीत असतात, त्यांना बारीक आवाजही पुरतो. ड्यूश पतिपत्नींनी 1963 साली याच्याही पुढे जाऊन सांगितले की, सगळ्याचाच अर्थ लागतो, निवड मागाहून होते. हा वाद बरीच वर्षे चालला. 1995 साली निली लावी यांनी तोड सुचवली. हातातले काम डोळ्यांना जड असेल तर बाकीचे आधीच गळते, हलके असेल तर शिल्लक लक्ष इकडेतिकडे सांडते.

आता दुसरा धागा. ज्याकडे लक्ष गेले नाही ते लगेच नाहीसे होते का? अंधारात पेटते कोलीत गरगर फिरवले की आगीचे अखंड कडे दिसते, हे आपण सगळ्यांनीच लहानपणी करून पाहिलेले आहे. कोलीत एका वेळी एकाच जागी असते. कडे टिकते ते आपल्यात. किती वेळ? 1960 साली जॉर्ज स्परलिंग यांनी ते मोजले. तीन ओळींत 12 अक्षरे, सेकंदाचा विसावा भाग दाखवली. लोक चारपाच अक्षरे सांगत आणि म्हणत, दिसली जास्त होती, सांगेपर्यंत पुसली गेली. स्परलिंग यांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला, ही त्यांची थोरवी. अक्षरे गेल्यावर लगेच एक सूर वाजवायचा, उंच सूर म्हणजे वरची ओळ, मधला म्हणजे मधली, खालचा म्हणजे खालची. आता कुठलीही ओळ विचारा, चारांपैकी तीनेक अक्षरे बरोबर येत. म्हणजे त्या क्षणी मनात निदान नऊ अक्षरे हजर होती! सूर एक सेकंद उशिरा वाजवला की हा फायदा संपे. डोळ्याची ठेव एवढीच अल्पजीवी. 1967 साली उलरिक नायसर यांनी तिला आणि कानाच्या ठेवीला वेगळी नावे दिली. कानाची ठेव काही सेकंद टिकते, असे 1972 च्या एका प्रयोगात दिसले. म्हणूनच "काय म्हणालीस?" असे विचारून, आई पुन्हा बोलायच्या आतच आपण उत्तर देऊन मोकळे होतो.

1999 साली सायमन्स आणि शाब्री यांनी एक चित्रफीत दाखवली. काही मुले चेंडू फेकताहेत, ते किती वेळा फेकला ते मोजा. मध्येच गोरिलाच्या वेशातील व्यक्ती येते, छाती बडवते, निघून जाते. सुमारे निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही. 2013 साली फुप्फुसांच्या चित्रांत असाच गोरिला दडवला, तेव्हा 24 तज्ज्ञ डॉक्टरांपैकी 20 जणांनी तो पाहिला नाही. नजर त्यावरून गेली होती, लक्ष गाठी शोधण्यात होते. शिक्षण, हुद्दा, अनुभव यांनी ही मर्यादा पुसली जात नाही. ती राजालाही आहे आणि रस्ता झाडणाऱ्यालाही आहे.

मोबाइलचे तेच. 1997 साली कॅनडातील अभ्यासात दिसले की फोनवर बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो, आणि हात मोकळे ठेवणाऱ्या फोननेही तो कमी झालेला दिसला नाही. अडचण हाताची नसून लक्षाची आहे. तेव्हा गाडी चालवणाऱ्या मुलाला घरून फोन करून "कुठे पोचलास?" विचारणाऱ्यांनीही थोडा विचार करावा.

असो. या इतिहासातून आम्हाला जे घ्यावेसे वाटते ते एवढेच. लक्ष ही माणसाच्या चांगुलपणाची परीक्षा नव्हे. ते मोजके धन आहे. पुढच्या वेळी कुणी "याचे लक्ष नव्हते" म्हणाले, तर आपण आणखी काही विचारावे : काम किती तासांचे होते? विश्रांती दिली होती का? दोन दांडे सारखे तर नव्हते ना? वर्गात मागच्या बाकावरच्या मुलीला ऐकू तरी येत होते का? या प्रश्नांनी रडारवरच्या तरुणांना न्याय मिळाला. आपल्या कारखान्यांत, शाळांत आणि घरांतही ते विचारले जावेत, एवढीच अपेक्षा.