ऑरेटसच्या टाकीतले २३ तास

चार फुटी टाकी, सुमारे २४० लिटर पाणी, तळाशी वाळू आणि तिच्यावर दगडांच्या कपारी. आत मलावी सरोवरातल्या जातींचे मासे: १२ ऑरेटस आणि ३ येलो लॅब. पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले ऑरेटस दुकानात इंचभराचे असताना इतके देखणे दिसतात की, मोठे झाल्यावर ते कसे वागतात हे विचारायचंच राहून जातं. हा घटनाक्रम कुणा एका घरचा नाही. अशा टाक्यांत पुन्हापुन्हा जे घडतं, ते इथे एका दिवसात बसवलं आहे.

शनिवार, रात्री १० (२३ तास आधी)

दिवा मालवल्यावर पाळणाऱ्याने सगळ्यांत मोठा नर जाळीने पकडून बाहेर काढला. सकाळी तो दुकानदाराकडे परत जाणार. कारण उघड होतं: अख्ख्या टाकीत हा एकटाच काळा, अंगावर फिकट निळसर पट्टे, आणि दिवसभर इतरांच्या मागे. उरलेले ११ पिवळे, म्हणजे सगळ्या माद्या, असा हिशेब. तो चुकीचा आहे. माद्या पिवळ्या असतात हे खरं, पण दबून राहिलेले नरही तोच पिवळा रंग धरून राहतात. काळा रंग चढू लागला की ते दांडग्याच्या नजरेत भरतात. या ११ मध्ये ३ नर आहेत.

रविवार, पहाटे ३ (१८ तास आधी)

सगळे निपचित. दगड हलवायला याहून चांगली वेळ नव्हती. टाकीतल्या चांगल्या कपारींवर कुणाची ना कुणाची मालकी असते. रचनाच बदलली, तर सकाळी प्रत्येकाला नव्याने जागा शोधावी लागते आणि भांडण्याचा पहिला जोर त्यात जिरतो. इथे दगड हलले नाहीत.

सकाळी ८ (१३ तास आधी)

दिवा लागला. पुढची वीस मिनिटं या सगळ्या गोष्टीतली सर्वांत महत्त्वाची आहेत.

स्टॅनफर्ड विद्यापीठात रसेल फर्नाल्ड यांच्या प्रयोगशाळेने ऑरेटसच्याच सिक्लिड कुळातल्या, टांगानिका सरोवराकडच्या बर्टोनी या माशावर नेमकं हेच करून पाहिलं होतं: अंधारात वरचढ नर काढून घ्यायचा आणि उजेड झाल्यावर निरीक्षण करायचं. दबलेल्या नराचा रंग काही मिनिटांत उजळतो, तो इतरांना हुसकावू लागतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, प्रजननाची सूत्रं हलवणाऱ्या त्याच्या मेंदूतल्या पेशींत तेवढ्या वेळातच एक जनुक जागं झालेलं असतं. रिकामी झालेली जागा माशाला इतक्या लवकर कळते.

ऑरेटसचा पूर्ण रंगपालट व्हायला याहून कितीतरी जास्त वेळ लागतो, पण सुरुवात दिसते. दोन ‘माद्यां’च्या पोटाचा पिवळा रंग मळकट झाला आहे. टाकीजवळ कुणी बसलं असतं, तर धोका इथेच ओळखता आला असता.

सकाळी साडेनऊ (साडेअकरा तास आधी)

दोघे एकमेकांना समांतर उभे राहतात, पंख ताणतात, शेपटीने पाण्याचे फटके मारतात. मग जबड्यात जबडा अडकतो. बाकीचे मासे थबकून पाहतात, आणि ते पाहणं वाया जात नाही. २००७ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनात बर्टोनीचे नर केवळ दुसऱ्यांच्या लढती पाहून कोण कुणाहून बलवान हे ताडतात, असं दिसलं होतं. उतरंड ठरलेली असली की बहुतेक भांडणं लागतच नाहीत. काल रात्री बाहेर गेलेला नर क्रूर होता, तरी त्याच्यामुळेच या तिघांत आजवर लढत झाली नव्हती.

सकाळी ११ (१० तास आधी)

निकाल लागला. हरलेल्याने पंख मिटले, रंग फिका केला, पळ काढला. मलावी सरोवरात इथे विषय संपतो: हरणारा शेजारच्या खडकापलीकडे जातो आणि जिंकणारा आपल्या कपारीकडे वळतो. ऑरेटस हा काही मारेकरी म्हणून जन्माला आलेला मासा नाही. पण या टाकीत शेजारचा खडकही जिंकलेल्याच्याच हद्दीत येतो. हरलेल्याने शरणागती पत्करली आहे, तरी तो समोरून हलत नाही म्हणून मार चालूच राहतो.

दुपारी १ (८ तास आधी)

हरलेला मासा वरच्या कोपऱ्यात, हीटरच्या मागे, पृष्ठभागाला चिकटून उभा. शेपटी फाटलेली, कुशीवरचे खवले गेलेले. मासा असा कोपऱ्यात दिसला की त्याला त्याच घडीला बाहेर काढावं. झाकणाची बादली, टाकीतलंच पाणी, एअर पंपाची एक नळी, एवढ्यावर तो तगतो. मारणाऱ्याला हलवण्याआधी मार खाणाऱ्याला हलवायचं, हे मला या छंदातलं पहिलं कर्तव्य वाटतं. दिवा बंद करावा. उन्हाळा असेल तर पाणी किती तापलंय तेही पाहावं, कारण गरम पाण्यात चिडखोरपणा वाढतो आणि प्राणवायू घटतो.

यातलं काहीच झालं नाही. थोडं जास्त खाणं टाकलं गेलं.

संध्याकाळी ५ (४ तास आधी)

नर परत देऊन त्याच्या बदल्यात एक नवा पिवळा ऑरेटस आला. गर्दी वाढवली की राग वाटला जातो, हा सल्ला खोटा नाही. पण तो दणकट फिल्टर असलेल्या टाकीत, एकदम बरेच मासे आणि तेही दगड हलवून सोडण्याबद्दल आहे. भर उजेडात, जुन्याच रचनेत सोडलेला एकटा परका म्हणजे आणखी एक बळी. जिंकलेला नर पाच मिनिटांत त्याच्यावर धावून गेला.

संध्याकाळी ७ (२ तास आधी)

हनुवटी फुगलेली एक मादी दहा दिवसांपासून तोंडात अंडी धरून होती. पिल्लं सोडायला साधारण तीन आठवडे लागतात. धावपळीच्या ताणाने तिने सगळं थुंकलं. येलो लॅबनी ते खाल्लं.

रात्री ९

हीटरमागचा नर मेला आहे. नवा मासा वाळूवर आडवा, कल्ले जोरात हलताहेत. एक मादी दिसतच नाही, दगडांमागे असावी.

तिला आत्ताच शोधायला हवं. मलावीच्या माशांसाठी पाण्याचा पीएच ८ च्या आसपास ठेवतात, आणि ७ च्या मानाने ८ ला अमोनियाचा विषारी वाटा जवळपास दहापट असतो. कपारीत कुजणारा एक मासा आणि दुपारचं न खाल्लेलं खाणं उद्या उरलेल्यांनाही मारू शकतं. मेलेले काढा, नव्याला बादलीत घ्या, तिसरा हिस्सा पाणी क्लोरिन काढून बदला, अंधारातच सगळे दगड हलवा आणि ते वाळूवर न टेकवता थेट तळावर बसवा, म्हणजे मासे खाली उकरू लागले तरी ढासळणार नाहीत. टाकीत अजून एक नर शिल्लक आहे, आणि तोही पिवळाच आहे.