लुजॉन: भेगांच्या मापाची कुळकथा

धरणाच्या किंवा बोगद्याच्या भूगर्भीय अहवालात ‘लुजॉन’ नावाचा रकाना असतोच. हे एका माणसाचं आडनाव. मॉरिस लुजॉन 1870 साली फ्रान्समध्ये जन्मले आणि स्वित्झर्लंडमध्ये लोझानला प्राध्यापक झाले. आल्प्समधले खडकांचे थर घड्या पडून एकमेकांवर कसे सरकले, हे उलगडण्यात त्यांची हयात गेली. धरणांच्या जागाही ते तपासत. 1933 साली धरणं आणि भूशास्त्र यांवरच्या पुस्तकात त्यांनी एक कसोटी मांडली. खडकात भोक पाडायचं, त्याचा एक टप्पा बंदिस्त करायचा (आज त्यासाठी रबरी पॅकर फुगवतात) आणि 10 बार दाबानं पाणी सोडायचं. भोकाच्या दर मीटरला मिनिटाला 1 लिटर पाणी खडकानं प्यायलं, तर तो 1 लुजॉन. 30 मीटरहून उंच धरणाखाली याहून जास्त गळती त्यांना मंजूर नव्हती.

हे माप मला मोलाचं वाटतं, कारण ते दगडापेक्षा भेगांची परीक्षा घेतं. आपल्या दख्खनचा कातळ बघा. घट्ट, अभंग वाटणारा बेसाल्ट पुष्कळदा सांध्यांनी चिरलेला असतो आणि पाणी तिथूनच वाट काढतं. उलट, बुडबुड्यांच्या पोकळ्यांचा थर दिसायला कच्चा. पण पोकळ्या झिओलाइटसारख्या खनिजांनी भरलेल्या आणि सांधे विरळ, म्हणून तोच पाणी अडवतो.

पुढे दाब पाच टप्प्यांत चढवून उतरवायची पद्धत रुळली. ऑस्ट्रेलियाच्या हौल्स्बी यांनी 1976 साली ते आकडे कसे वाचायचे, ते घालून दिलं. चढत्या दाबाला लुजॉनचा आकडा एकदम वाढला आणि दाब उतरताच पूर्ववत झाला, तर भेग तेवढ्यापुरती फाकली होती. दाब उतरतानाही आकडा वाढतच गेला, तर भेगेतला गाळ धुऊन निघाला.

बोगद्यात मात्र मापायचा खडकच बदलतो. सुरुंगानं भिंत तडकते, हे उघड आहे. पण पोकळी झाली की डोंगराचा भारही तिच्या कडेनं वळतो. किर्श या जर्मन अभियंत्यानं 1898 सालीच गणितानं दाखवलं होतं, की एकाच दिशेचा दाब गोल भोकाच्या कडेला तिप्पट होतो. कॅनडात मॅनिटोबामध्ये 420 मीटर खोल ग्रॅनाइटमध्ये प्रयोगासाठी सुरुंगाविना बोगदा खोदला, तरी छताला आणि तळाला खडक तडकून खाचा पडल्या.

म्हणून खोदण्याआधीचा लुजॉनचा आकडा नंतर जसाच्या तसा धरू नये. भिंतीतून आत भोकं घेऊन चाचणी पुन्हा करावी आणि भिंतीलगतच्या पहिल्या मीटर-दोन मीटरांचं माप वेगळं नोंदवावं.