रोमचे सुभे आणि दप्तर
रोमची मुलूखगिरी सीझरच्या गॉल-युद्धवृत्तांतात दिसते खरी. परंतु जिंकलेल्या प्रांतांचा कारभार प्रत्यक्ष कसा चाले, हे ज्यास जाणावयाचे असेल त्याने प्लिनीच्या पत्रसंग्रहाचा दहावा भागच प्रथम हाती घ्यावा. इ. स. ११० च्या सुमारास बिथिनियाचा सुभेदार झालेला हा सज्जन, निकोमीडिया नगरात भीषण आग लागल्यानंतर, अवघ्या १५० जणांचे अग्निशामक पथक उभारण्याची परवानगी मागतो, आणि अशा संघांतून राजकीय गट निपजतात या भयाने सम्राट ट्रेजन ती नाकारतो. आग विझविण्याची साधने तेवढी सिद्ध ठेवावीत, असा हुकूम सुटतो. सत्तेच्या अंतःकरणातील धास्ती इतकी उघडी करणारे दुसरे दप्तर मला ठाऊक नाही. त्यानंतर सिसिलीच्या रयतेवरील जुलमाबद्दल सिसेरोने इ. स. पू. ७० मध्ये मांडलेली फिर्याद वाचावी. तिच्या पहिल्याच माऱ्याने खचून माजी सुभेदार व्हेरीस निकालापूर्वीच मासिलियास परागंदा झाला.