तीन झाडे आणि एक वाळकी फांदी

मोगरा, जाई, जुई, कुंद, पारिजातक ही आपल्या अंगणातली फुलझाडे आणि ऑलिव्हचे झाड एकाच कुळातले आहेत, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. या कुळातल्या एका हरवलेल्या झाडाची ही हकिकत.

मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया या वाळवंटी द्वीपकल्पापासून सुमारे २५० किलोमीटर पश्चिमेला, पॅसिफिक महासागरात ग्वाडालूप नावाचे ज्वालामुखी बेट आहे. उत्तरेच्या उंच कड्यांना धुक्याचा ओलावा मिळतो. दक्षिण टोक मात्र रखरखीत. १८७५ साली एडवर्ड पामर तिथे वनस्पती गोळा करायला गेला. जन्माने इंग्रज असलेल्या पामरचे बरेचसे आयुष्य अमेरिका आणि मेक्सिकोच्या कोरड्या मुलखात झाडेझुडपे गोळा करण्यात गेले.

या बेटावर त्याला ऑलिव्हच्या कुळातले एक अनोळखी झाड दिसले. जिवंत झाडे होती अवघी तीन. त्याने फांद्या कापल्या, कागदांत दाबून वाळवल्या आणि पाठवून दिल्या. हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांनी १८७६ साली तिला नवी प्रजाती ठरवून नाव दिले ‘हेस्परेलिया पामेरी’. हेस्परेलिया म्हणजे ‘पश्चिमेचे ऑलिव्ह’. पामरनंतर हे झाड कुणालाही सापडले नाही.

कारण होते बकऱ्या. एकोणिसाव्या शतकात दर्यावर्दी लोकांनी वाटेत ताजे मांस मिळावे म्हणून त्या बेटावर सोडल्या होत्या. त्यांना खाणारे जनावर तिथे नव्हते, त्यामुळे त्या बेसुमार वाढल्या. म्हातारी झाडे उभी राहिली, पण रुजलेले प्रत्येक रोप त्या खाऊन टाकत. जुने झाड पडले की त्याची जागा घ्यायला कुणी नाही. जंगल असे गुपचूप संपते.

पामरने आणलेले नमुने मात्र वनस्पती संग्रहालयांत जपून ठेवलेले होते. सुमारे १४० वर्षांनी शास्त्रज्ञांनी त्यातल्या वाळक्या पानापासून डीएनए मिळवला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून कळले की याचे सर्वांत जवळचे नातलग म्हणजे ‘फॉरेस्टिएरा’. त्याची झुडपे आजही अमेरिका आणि मेक्सिकोच्या वाळवंटी भागात उगवतात आणि काहींना तिथे ‘वाळवंटी ऑलिव्ह’च म्हणतात. आणखी एक गोष्ट उघड झाली. या दोघांच्या वाटा, बेट समुद्रातून वर येण्याच्या कितीतरी आधीच वेगळ्या झाल्या होत्या. बेटाचे वय सुमारे ७० लाख वर्षे. म्हणजे हे झाड मुख्य भूमीवरच्या एका फार जुन्या घराण्याचा शेवटचा वंशज होते, आणि बेट हे त्याचे अखेरचे आश्रयस्थान.

या शतकाच्या पहिल्या दशकात बेटावरच्या बकऱ्या हटवण्यात आल्या. नामशेष समजल्या गेलेल्या काही वनस्पती पुन्हा उगवल्या. हेस्परेलिया त्यांत नव्हती. पामर १९११ साली वारला. डीएनए म्हणजे काय, हे त्याला ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. त्याने फक्त फांदी नीट वाळवली, ठिकाण आणि साल नोंदवले. एका अख्ख्या घराण्याची साक्ष देणारे एवढेच काय ते उरले आहे.